वजन उतरलंय, ब्लाऊज सैल झालाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत मी सव्वीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. छातीभोवती टेप गेली की बाई एकतर श्वास रोखते, नाहीतर बोलायला लागते. चाळिशी-पन्नाशीत वजन उतरवून आलेल्या बायका दोन्ही करतात. मी स्वतः सत्तेचाळिसाव्या वर्षी ७८ किलोंची होते, चौदा महिन्यांत ५९ वर आले, त्याला आता चार वर्षं होतील. माप देता देता मला जे विचारलं जातं, आणि मला तेव्हा जे कुणाला विचारता आलं नाही, ते इथे एकत्र लिहिलंय. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. शरीराबद्दलची उत्तरं तिच्या नजरेखालून गेली आहेत.

वजन कसं उतरवायचं हे इथे मिळणार नाही. दोन वेळाच जेवणारे दीक्षितवाले आणि दर दोन तासांनी थोडं थोडं खाणारे दिवेकरवाले तुमच्या घरात असतीलच, त्यांच्या भांडणात माझी भर नको.

एवढं वजन कमी झालं, तरी आरशात मी जाडच का दिसते?

अस्तर आणि हुक घ्यायला मी दर पंधरवड्याला दादरला जाते. लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी बसते, हे लोकलने जाणाऱ्या कुणाला सांगायला नको. जाड होते तेव्हा मी चौथी सीट कधी मागितली नाही. मागितली की तिघी एकमेकींकडे बघतात, ते बघणं मला पाठ होतं. वजन उतरून सहा महिने झाले तरी मी आपली दाराजवळच उभी. एकदा ठाण्याला एका मुलीने मोबाईलमधून डोकं वर काढलं आणि म्हणाली, "मावशी, बसा ना, तुम्हाला अशी किती जागा लागणारे?" बसले. घाटकोपर येईपर्यंत मांड्या आवळून, अंग चोरून. मग सहज खाली बघितलं तर तिच्या आणि माझ्यामध्ये चार बोटं जागा रिकामी होती.

दारातून जाताना किती वळायचं, दोन खुर्च्यांमधून निघताना पोट किती आत घ्यायचं, याचा अंदाज मेंदूने वर्षानुवर्षं घोटलेला असतो. वजन वर्षभरात उतरतं, हा अंदाज मागून रेंगाळत येतो. त्यातून आरशाशी आपलं जुनं भांडण. नजर थेट पोटावर जाते आणि तिथून हलत नाही.

मला आरशापेक्षा मापाच्या वहीचा उपयोग झाला. २०१९ च्या वहीत माझंच माप आहे: छाती ४२, कंबर ३८, दंड १५. आता ३६, ३२, १२. महिन्यातून एकदा मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. रोज मोजू नका, रोजच्या मोजण्यात फक्त मीठ आणि पाणी कळतं. कपडे अंदाजाने घेऊ नका. दुकानात हात आपोआप डबल एक्सएलच्या रॅककडे जातो, जाऊ द्या, फक्त ट्रायल रूममध्ये जाताना एक लार्जही सोबत न्या.

बऱ्याच जणींना वर्षभरात सवय होते. आरशापुढून हलवत नसेल, किंवा आरसाच टाळला जात असेल, तर खाली डॉक्टरांबद्दलचा प्रश्न आहे तो वाचा.

"आजारी होतीस का?", "शुगर निघाली का?" असं विचारणाऱ्यांना काय सांगू?

आपल्याकडे बाई बारीक झाली की शुगर, टेन्शन किंवा सून, यांपैकी एक कारण लोक धरूनच चालतात. आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी वाण हातात ठेवता ठेवता म्हटलं, "अगं, पार रया गेली तुझी." शेजारच्याच दुसरीने त्याच दमात, "काय मस्त दिसतेस, सांग की काय केलंस!" दोघी एकाच चटईवर. मी घरी जाऊन दोन्ही वाक्यांवर रात्रभर विचार केला. आता नसता केला.

उत्तर छोटं ठेवा आणि विषय बदला. "नाही हो, ठरवून उतरवलं. तुमचा गुडघा कसाय?" गुडघ्यावर बोलायला मिळालं की काकू तुमचं वजन विसरतात.

कौतुकही टोचतं, ते वेगळंच. "आता किती छान दिसतेस" यातला "आता" मनात अडकून बसतो, म्हणजे आधी काय होते मी? बहुतेक वेळा बोलणारीने एवढा विचार केलेला नसतो. पण कुणी पुन्हा पुन्हा करत असेल तर सांगा. सासरच्या नात्यातल्या एका बाईंना मी सरळ म्हटलं, "माझ्या अंगावर बोलणं नको, बाकी काहीही बोला." चार महिने फुगून होत्या. मग ब्लाऊज शिवायला आल्या.

गाल बसले, मान सुरकुतली. वजन उतरवून मी म्हातारी झाले का?

थोड्या दिसता, हो. खोटं कशाला बोलू? गालांवरची चरबीही चरबीच, तीही जाते. त्यात आपलं वय. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं. कोलॅजन म्हणजे कातडीचं बकरम समजा, ज्याच्या जोरावर कॉलर उभी राहते. आतलं भरलेपणही गेलं आणि बकरमही मऊ पडलं, दोन्ही एकाच सुमारास. त्यातलं वजनाचं किती आणि वयाचं किती, हे वेगळं काढता येत नाही. वजन न उतरवताही चेहरा काही पस्तिशीत थांबणार नव्हता.

वजन भराभर उतरत असतं तेव्हा चेहरा सर्वांत ओढलेला दिसतो. वजन स्थिर झालं, पोटात डाळ, अंडी, पनीर नीट जायला लागलं, झोप लागली की तो बराच सावरतो. मी तेवढ्यात एक काम केलं, चष्म्याची फ्रेम बदलली. जुनी भरल्या चेहऱ्याची होती, सारखी नाकावर घसरायची आणि मी दिवसभर मान वर करून बघायचे. सुरकुत्यांपेक्षा तीच मला म्हातारी करत होती.

दंडाची आणि पोटावरची कातडी लोंबते. क्रीमने आवळेल का?

नाही. मॉइश्चरायझरने कातडी मऊ राहते, खाज कमी होते, पण जास्तीची कातडी कुठलंही क्रीम, तेल किंवा पट्टा आत ओढून घेत नाही. किती लोंबणार हे वय, किती किलो उतरले, ते किलो किती वर्षं अंगावर होते, बाळंतपणं, ऊन, तंबाखू-सिगरेट आणि आईवडिलांकडून आलेली कातडी यांवर ठरतं. वीस वर्षं ताणलेलं इलॅस्टिक सोडल्यावर पूर्वीच्या मापाला येत नाही, तसंच हे. तुमच्या व्यायामात काही चुकलं म्हणून ते झालेलं नाही.

वजनं उचलण्याच्या व्यायामाने दंडातला स्नायू भरतो आणि कातडीला आतून थोडा आधार मिळतो. पोटावर फरक कमी दिसतो.

पोटाच्या घडीखाली पावसाळ्यात घामाने चट्टे उठतात, त्याबद्दल बायका बोलतच नाहीत. आंघोळीनंतर ती जागा मऊ सुती कपड्याने टिपून पूर्ण कोरडी करा. लाल होऊन खाज, वास किंवा चिरा असतील तर बुरशी असू शकते, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलवाल्याने दिलेली, स्टेरॉईड मिसळलेली ट्यूब स्वतःहून लावू नका, तात्पुरतं बरं वाटतं आणि नंतर पसरतं.

ऑपरेशनने जास्तीची कातडी काढता येते. ते प्लास्टिक सर्जन करतात, वजन निदान सहा महिने स्थिर राहिलेलं असावं लागतं, आणि पोटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण राहतो. त्रास खूप असेल तर जरूर विचार करा. दिराच्या मुलीच्या लग्नातल्या फोटोंसाठी करत असाल तर आधी माझ्याकडे या, ब्लाऊजची उंची दीड इंच वाढवून बघू.

स्लीव्हलेस घालू का?

घाला. मनाला पटत नसेल तर कोपराच्या दोन इंच वर संपणारी बाही घ्या. बाही दंडाच्या सर्वांत रुंद जागी मात्र संपवू नका. बाहीची कड जिथे, तिथेच बघणाऱ्याची नजर जाते.

केस मूठ-मूठ गळतायत. डाएटमुळे?

असू शकतं. वजन झपाट्याने उतरलं किंवा खाणं फार कमी झालं, तर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. म्हणजे कारण आधीच होऊन गेलेलं असतं आणि आपण या आठवड्यातल्या शाम्पूला दोष देतो. सहसा सहा महिन्यांत गळणं थांबतं आणि केस परत येतात. पण या वयात थायरॉईड, लोह, बी-१२ हे तपासून घ्यायलाच हवं, विशेषतः पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर.

जुने ब्लाऊज आल्टर करू की नवे शिवू?

शेवटी माझ्या विषयावर आलात.

आधी ब्रा. वजन उतरलं की छातीचा घेर कमी होतो आणि कपही बदलतो, पण बायका जुनीच सैल ब्रा शेवटच्या हुकावर आवळून माप द्यायला येतात. त्या मापाचा ब्लाऊज पुढे नव्या ब्रावर बसत नाही आणि शिव्या शिंप्याला. दोन नव्या ब्रा घ्या, एक घालून या, मग टेप लावू. वजन उतरलेल्या बाईने स्वतःसाठी करायचा पहिला खर्च हा, असं माझं ठाम मत आहे. कुणाला दिसत नाही, म्हणूनच बायका तो शेवटी करतात.

ब्लाऊज छातीत साधारण दोन इंचांपर्यंत सैल असेल तर बाजूच्या शिवणी आत घेऊन भागतं. त्याहून जास्त असेल तर खांदा उतरतो, मुंढा खाली येतो, टक्स भलतीकडे येतात. बाजूने कितीही दाबलं तरी पाठीवर फुगा राहतो. मग तो पूर्ण उसवून पुन्हा कापावा लागतो आणि तेवढ्या मजुरीत साधा नवा होतो. पैठणीचा असेल, आईच्या शालूचा असेल, तर उसवू, ते कापड परत मिळणार नाही. मात्र रेशमावर जुन्या टिपेची भोकं दिसतात, आधीच सांगून ठेवते.

आणि आत घेताना जास्तीचं कापड कापायला सांगू नका. शिवणीत राखलेल्या त्या कापडाला आम्ही माया म्हणतो. दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया असली की ब्लाऊज पुढे कधीही खोलता येतो. वजन उतरवून आलेल्या निम्म्या बायका म्हणतात, "कापून टाका हो, मला परत तिथे जायचंच नाहीये." एकीने तर टेबलावरची कात्रीच उचलली, मी हातातून काढून घेतली. तीन वर्षांनी तिची आई अंथरुणाला खिळली, हिची धावपळ, जागरणं, वेळी-अवेळी खाणं, आठ किलो परत आले. तोच ब्लाऊज पिशवीत घालून आली आणि पिशवी उघडेना. मी टीप उसवली, मायेतून दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच सोडला, नवी टीप मारली. दहा मिनिटांचं काम. ती स्टुलावर बसून रडत होती, म्हणून मी उगाच एका चिंधीवर मशीन चालू ठेवली, म्हणजे बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये.

सैल झालेले सगळे कपडे वाटून टाकू? पाटल्या लहान करून घेऊ?

वजन सहा महिने एका जागी राहू दे, मग. अंगठी मात्र लगेच बघा, तोवर दोरा गुंडाळा. माझी कणकेत गेली होती, आणि सगळ्या चपात्या झाल्यावर लक्षात आलं.

परत वाढेल या भीतीने झोप लागत नाही.

वाढू शकतं, हे आधी मान्य करू. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि विश्रांतीतला खर्च कमी करतं, त्याला वाटतं दुष्काळ पडलाय. बऱ्याच जणींचं थोडंफार वजन परत येतं. यात आळशीपणा किंवा जिभेचे चोचले शोधणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

भीती कामाची ठरावी म्हणून तिला एक आकडा द्या. माझा आकडा ६२. त्याच्या वर काटा गेला तर पंधरा दिवस मी संध्याकाळचा चिवडा आणि चहाबरोबरची खारी बघते, चालणं वाढवते. ६२ च्या आत असेन तोवर काट्याशी बोलत नाही. गणपतीत मोदक खाते, तेही मोजून नव्हे. उकडीचे मोदक करणारे हात आमच्या घरात आता एकाच चुलत सासूबाईंचे राहिलेत, त्या ८१ वर्षांच्या आहेत, आणि त्यांच्यापुढे कॅलरी काढणं मला जमत नाही.

किती किलोवर थांबायचं?

भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. माझी उंची १५५ सेंटिमीटर, म्हणजे तक्त्याप्रमाणे मी ५५ किलोंच्या आसपास असायला हवी. ५९ वर माझा बीएमआय साडेचोवीसच्या वर येतो. तक्त्याला मी अजून जाडच. पण साखर ताब्यात आली, गुडघे बोलायचे थांबले, आणि ५७ ला गेले होते तेव्हा मला जिन्यात चक्कर येत होती, सगळ्यांवर मी खेकसत होते. डॉक्टरांशी बोलून तिथेच थांबले. कंबरेचा घेरही बघा, बाईसाठी ८० सेंटिमीटरच्या आत चांगला, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. माझा अर्धा इंच वर आहे. असू दे.

मी इंजेक्शन घेऊन वजन उतरवलं. सांगायची लाज वाटते.

सांगू नका मग. कुणाला हिशेब द्यायचाय?

भारतात मार्च २०२५ मध्ये माउंजारो आलं, जूनमध्ये वेगोव्ही, आणि तेव्हापासून माझ्याकडे दर महिन्याला एक तरी बाई येते जी बाकी सगळं सांगते आणि याच ठिकाणी अडखळते. "म्हणजे मी काही केलं नाही असंच ना?" बीपीची गोळी घेणाऱ्याला आपण असं विचारत नाही. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. ही औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, मैत्रिणीचं उरलेलं इंजेक्शनचं पेन नको. बंद केल्यावर बरंचसं वजन परत येणं नेहमीचं आहे, तेव्हा बंद कधी आणि कसं करायचं हेही आधीच विचारून घ्या. आणि भूक मेल्यामुळे दिवसभरात दोन बिस्किटांवर राहू नका, चरबीसोबत स्नायूही जातात आणि पन्नाशीत गेलेला स्नायू परत मिळवायला फार घाम गाळावा लागतो.

नवरा म्हणतो, "आधीच बरी होतीस." आता तर "कोणासाठी नटतेस?" असंही विचारतो.

ही दोन वाक्यं वेगळी आहेत.

पहिलं बरेच नवरे म्हणतात. आमचेही म्हणाले. खोदून विचारल्यावर कळलं की त्यांच्या आईला शेवटी कॅन्सर झाला तेव्हा ती अशीच झपाट्याने वाळली होती, आणि माझ्या गळ्याची हाडं दिसायला लागल्यापासून त्यांना रात्री जाग येत होती. बावीस वर्षांच्या संसारात हे ते पहिल्यांदा बोलले. माझे रक्ताचे रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवले, मग हळूहळू निवळलं. काही नवऱ्यांना एवढंच वाटत असतं की आपण दोघं मिळून भजी खायचो, ती आता एकट्याने खावी लागतात. तेही खरंच आहे की.

दुसरं वाक्य गंमतीत एकदा आलं तर सोडून द्या. पण कपडे बदलायला लावणं, फोन तपासणं, बाहेर जायला बंदी, माहेरी जाऊ न देणं असं सुरू झालं असेल तर तो तुमच्या वजनाचा प्रश्न राहिला नाही, आणि दहा किलो परत वाढवून तो सुटणारही नाही. विश्वासातल्या माणसाला सांगा. महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे.

मुलीसमोर वजनाबद्दल काय बोलावं?

गेल्या दिवाळीआधी एक बाई आल्या, सोबत तेरा-चौदा वर्षांची लेक. आईचं वजन बरंच उतरलं होतं, खुशीत होत्या. माप देताना दंडाखालची कातडी चिमटीत धरून म्हणाल्या, "शी! हे बघा ना अजून. आणि आधी तर म्हैस होते नुसती." मी दंडाचं माप वहीत लिहीत होते. वर बघितलं तर मुलीने ओढणी दोन्ही दंडांवर ओढून घेतली होती, कानापर्यंत लाल. मुलगी आईसारखीच होती, आईच्या जुन्या फोटोसारखी.

जुन्या शरीराला शिव्या घालताना ते शरीर घरात अजून कुणाचं आहे, एवढं बघा. मुलीची मापं घेताना मी त्या दिवसापासून आकडा मोठ्याने म्हणत नाही, नुसता लिहिते. मुलीपुढे वजनावर बोलायचंच असेल तर काय जमायला लागलं ते सांगा: रायगड चढले, जमिनीवर बसून उठता येतं, शुगरची गोळी अर्धी झाली.

ठरवलं तेवढं उतरलं. मग आनंद का होत नाही?

याचं उत्तर मला उशिरा कळलं, तेही पूर्ण कळलंय असं नाही. दहा-बारा वर्षं मी बऱ्याच गोष्टी "बारीक झाल्यावर" या खात्यात टाकून ठेवल्या होत्या. पोहायला शिकणं, लाल रंगाची साडी, कॉलेजच्या ग्रुपला भेटणं, फोटो काढून घेणं. आईच्या पंचाहत्तरीचे एकशे चाळीस फोटो आहेत आणि एकातही मी नाही, कारण मोबाईल मी धरला होता. "मी काढते ना, तुम्ही उभे राहा." आई आता नाही. ५९ किलोंवर पोचल्याच्या दिवशी मला तेच फोटो आठवले, आणि काट्यावरून उतरून मी बराच वेळ मोरीच्या कठड्यावर बसून राहिले. त्या दिवशी पेढे वाटायचे असं ठरवलेलं होतं.

वजनाच्या माथी आपण बाकीचंही बरंच काही मारलेलं असतं. वजन गेलं की ते उघडं पडतं. नवऱ्याशी बोलणं नाही, काम आवडत नाही, मुलं परगावी गेली, पाळी जाताना मन उगाच भरून येतं. ते किलोंबरोबर जाणार नव्हतंच.

मला आधार दिला तो भलत्याच गोष्टीने. भाचीने खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम दिला होता. पहिल्या दिवशी चार जमले. नंतर वीस. मग एका रविवारी मशीनचं डोकं, लोखंडी, जुनं, दुरुस्तीला न्यायचं होतं. मुलगा झोपला होता. त्याला उठवायच्या आधी सहज उचलून बघितलं, आणि दोन जिने उतरून रिक्षापर्यंत नेलं. रिक्षावाला म्हणाला, "ताई, द्या इकडे." मी म्हटलं, "राहू दे." लाल साडी त्या आठवड्यात घेतली.

डॉक्टरकडे कधी जायचं?

काहीही न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर लगेच जा. ७० किलोंच्या बाईसाठी म्हणजे साडेतीन किलो. डायबेटीस, थायरॉईड, टीबी, कॅन्सर, नैराश्य, कशानेही असं होतं. "बरंच झालं, आपोआप बारीक झाले" म्हणून थांबू नका.

शुगर, बीपी किंवा थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरल्यावर डोस कमी करावा लागू शकतो. उठल्यावर अंधारी, हात थरथरणं, घाम फुटणं ही लक्षणं अंगावर काढू नका, आणि डोस स्वतःच्या मनानेही बदलू नका. पाळी अचानक थांबली तर "वयच आहे" असं परस्पर ठरवू नका.

मनासाठीही जायला लागतं. दिवसातून तीन-चारदा काट्यावर उभं राहणं, जेवल्यावर ओकून काढणं, घरच्यांबरोबर जेवायला बसायची भीती, आणि एक खास आपल्याकडचं, उपवास वाढत जाणं. आधी संकष्टी, मग सोमवार, मग गुरुवार, मग एकादशी, आणि उपवासालाही नुसतं पाणी. उपवासाला कुणी अडवत नाही, उलट हात जोडतात, म्हणून हे वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलतात. जीव नकोसा वाटत असेल तर वाट बघू नका, आत्ता लावा.

पुरुषांना हे सगळं होतं का?

होतं, पण ते बोलत नाहीत, पट्ट्याला भोकं पाडून घेतात. स्टेशनबाहेरच्या चांभारदादांना विचारा. माझ्या शेजारचे जेंट्स टेलर सांगतात, पुरुष पँट कंबरेत आल्टर करायला बायकोच्या हातून पाठवतात.

आल्टर करायला किती दिवस लागतात?

एरवी तीन दिवस, लग्नसराईत पंधरा. ज्याचं फिटिंग तुम्हाला कधीकाळी आवडलं होतं असा एक जुना ब्लाऊज सोबत आणा, सैल असला तरी चालेल. नवी ब्रा घालून या. आणि माप घेताना श्वास रोखू नका, नंतर जेवल्यावर हुक लागत नाहीत.